सी भाषेतील शून्य-लांबीचे व गतिमान ॲरे : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
सी भाषेतील ॲरे आपली लांबी स्वतःसोबत बाळगत नाही. या मूळ निर्णयातून शून्य-लांबीचा ॲरे, लवचीक ॲरे-सदस्य, चल-लांबीचा ॲरे आणि शून्य बाइट्सची मागणी असे चार प्रश्न निर्माण झाले. त्यांना भाषेच्या मानकाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ही उत्तरे जागेचा प्रश्न सोडवितात, मात्र लांबीचा प्रश्न अनुत्तरित ठेवतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सी भाषा, ॲरे, पॉइंटर, लवचीक ॲरे-सदस्य, चल-लांबीचा ॲरे, मानक, सुरक्षितता.

प्रस्तावना :
प्रोग्रामिंग भाषांचा विचार आपल्याकडे बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने केला जातो. कोणती भाषा शिकल्यास कोणते काम करता येईल, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु प्रोग्रामिंग भाषा ही मानवनिर्मित रचना आहे. तिच्यामागे काही निर्णय असतात, त्या निर्णयांना तत्कालीन कारणे असतात आणि त्यांचे परिणाम पुढील पिढ्यांना भोगावे लागतात. त्यामुळे साहित्यकृतीची किंवा कायद्याची जशी चिकित्सा करता येते, तशीच भाषेतील एखाद्या घटकाचीही करता येते. सी भाषेतील ॲरे हा अशा चिकित्सेसाठी अत्यंत योग्य घटक होय. वरवर पाहता तो सर्वांत साधा आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो परिचित असतो. तथापि, ज्या ॲरेमध्ये एकही घटक नाही त्याचे काय करावे, हा साधा प्रश्न विचारला की या भाषेच्या पायाभरणीतील एक उणीव उघड होते.

१. ॲरेची संकल्पना व सी भाषेचा मूळ निर्णय :
एकाच प्रकारच्या मूल्यांची मेमरीमध्ये केलेली सलग मांडणी म्हणजे ॲरे होय. एका वर्गातील ६० विद्यार्थ्यांचे गुण प्रत्येकी ४ बाइट्सच्या पूर्णांकांत साठविले, तर २४० बाइट्सची सलग जागा लागते. सी भाषेत घटकांचे क्रमांक ० पासून सुरू होत असल्याने येथील शेवटचा घटक ५९ व्या क्रमांकाचा असतो. साठाव्या क्रमांकाचा घटक मागितल्यास काय होते? भाषा अडवीत नाही. मानकाच्या परिभाषेत यास अनिर्धारित वर्तन म्हणतात. म्हणजे पुढे काय घडेल याची कोणतीही हमी भाषा देत नाही.

या स्वभावाचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी तयार केलेल्या बी या भाषेतून डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सी भाषा घडविली. बी भाषेत ॲरेचे नाव हा मेमरीतील एक स्वतंत्र कप्पा असे आणि त्यात प्रत्यक्ष मूल्ये जेथे आहेत त्या जागेचा पत्ता ठेवलेला असे. सी भाषेत स्ट्रक्चर हा संमिश्र प्रकार आणताना या व्यवस्थेत अडचण आली. युनिक्स प्रणालीतील डिरेक्टरीच्या नोंदीत एक क्रमांक आणि १४ अक्षरांचे नाव एवढेच असे. डिस्कवरील या नोंदीत पत्त्याचा अतिरिक्त कप्पा ठेवण्यास जागाच नव्हती. रिची यांनी त्यावर काढलेला मार्ग मूलगामी होता. पत्ता कोठेही साठवावयाचा नाही. ॲरेचे नाव पदावलीत येईल तेव्हाच त्यातून पहिल्या घटकाचा पत्ता निर्माण व्हावा, असा नियम त्यांनी केला. सी भाषेच्या विकासावरील १९९३ मधील आपल्या निबंधात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

हा निर्णय काटकसरीचा आणि बुद्धिमान होता, यात शंका नाही. मात्र त्याची किंमतही होती. ॲरे एखाद्या फंक्शनकडे सोपविला जातो तेव्हा केवळ पहिल्या घटकाचा पत्ता पोहोचतो, लांबी मागेच राहते. ती वेगळ्या मार्गाने कळविणे ही सर्वस्वी प्रोग्रामरची जबाबदारी ठरते.

२. शून्याला नकार :
१९८९ मध्ये अमेरिकी मानक म्हणून आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून सी भाषा निश्चित झाली. त्या मानकानुसार ॲरेची लांबी स्थिरांक असली पाहिजे आणि ती शून्यापेक्षा मोठी असली पाहिजे. रिकामा ॲरे घोषित करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

याच मानकात मॅलॉक या फंक्शनद्वारे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागता येते. तेथे शून्य बाइट्स मागितले तर काय मिळावे? काही लायब्ररी रिकामा म्हणजे नल पॉइंटर देत, काही वैध परंतु वापरता न येणारा पत्ता देत. मानक समितीने दोन्ही पर्याय ग्राह्य धरले. समितीच्या स्पष्टीकरणात्मक दस्तऐवजातील युक्तिवाद येथे लक्षणीय आहे. ‘काहीच नाही’ आणि ‘शून्य आहे’ या दोन अवस्थांत भेद करता येणे तात्त्विकदृष्ट्या इष्ट आहे, हे समितीने मान्य केले. परंतु त्यासाठी शून्य आकाराची वस्तू ही कल्पना स्वीकारावी लागेल आणि अशी वस्तू घोषित तर करता येत नाही, म्हणून ती कल्पनाच नाकारण्यात आली.

हा युक्तिवाद चक्राकार आहे. अशी वस्तू घोषित करता येत नाही, कारण मानकानेच तिला मनाई केली आहे. आणि तीच मनाई नकाराचे कारण म्हणून पुढे केली जाते. व्यवहारात मात्र रिकामी यादी ही अपवादात्मक बाब नाही. ज्या वर्गात अद्याप एकही प्रवेश झालेला नाही त्याची यादी रिकामी असते, तरी तो वर्ग अस्तित्वात असतो. वर्गच नसणे ही निराळी गोष्ट होय.

या अस्पष्टतेचे परिणाम दीर्घकाळ टिकले. आधी घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या रीॲलॉक या फंक्शनला शून्य आकार दिल्यास काही लायब्ररी जुनी जागा मुक्त करून नल पॉइंटर परत करतात. मात्र नल पॉइंटर ही मेमरी न मिळाल्याचीही खूण असते. जुनी जागा अद्याप आपल्याकडेच आहे असे समजून प्रोग्रामरने ती पुन्हा मुक्त केली, तर एकच जागा दोनदा मुक्त होण्याचा गंभीर दोष उद्भवतो. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या सी-२३ मानकाने अखेर रीॲलॉकला शून्य आकार देणे हेच अनिर्धारित वर्तन ठरविले. पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतर प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. प्रश्न विचारण्यासच मनाई झाली.

३. पुरवणीचा प्रश्न : तीन रूपे :
अन्य विषयांच्या प्राध्यापकांना पुढील विवेचन सुलभ व्हावे म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे उदाहरण घेता येईल. मुख्य उत्तरपत्रिकेची पाने ठरलेली असतात. पुरवण्या किती लागतील हे आधी सांगता येत नाही. काहींना एकही लागत नाही. जोडलेल्या पुरवण्यांची संख्या मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर नोंदविली जाते. प्रोग्रामिंगमध्येही अशी गरज वारंवार पडते. स्ट्रक्चरचा आरंभीचा भाग ठरलेला असतो आणि त्यामागे बदलत्या संख्येचे घटक सलग जोडावयाचे असतात. जाळ्यातून येणारे संदेश आणि फाइलींच्या नोंदी ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

पहिले रूप युक्तीचे होते. शून्य लांबी निषिद्ध असल्याने प्रोग्रामर स्ट्रक्चरच्या शेवटी एका घटकाचा ॲरे घोषित करीत आणि मेमरी मागताना अधिक जागा मागून घेत. म्हणजे प्रत्येक उत्तरपत्रिकेला एक पुरवणी छापतानाच जोडून ठेवण्यासारखे हे होते. यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. ४ बाइट्सची संख्या आणि ४ बाइट्सचा एक गुण असे स्ट्रक्चर ८ बाइट्सचे होते. अनेक गुणांसाठी जागा मागताना घटकसंख्येतून एक वजा करावा लागतो. तो वजा करण्यास विसरल्यास ४ बाइट्स वाया जातात. घटकसंख्या शून्य असेल तर हिशेब ४ बाइट्सवर येतो, म्हणजे मिळालेली जागा स्ट्रक्चरच्या स्वतःच्या आकारापेक्षा कमी भरते. अशा ठिकाणी संपूर्ण स्ट्रक्चरची प्रत उतरविल्यास ४ बाइट्सच्या जागेत ८ बाइट्स लिहिले जातात. स्वतः रिची यांनी या युक्तीला कंपायलरशी केलेली अनाठायी सलगी मानले होते आणि मानक समितीनेही एका दोष-अहवालाच्या उत्तरात तिला अनिर्धारित वर्तन ठरविले. तरीही ती प्रचलित राहिली. विंडोज प्रणालीच्या घोषणा-फाइलींत आजही शेवटच्या ॲरेची लांबी दर्शविणारा एक खास स्थिरांक आहे आणि त्याचे मूल्य १ आहे.

दुसरे रूप ग्नू प्रकल्पाच्या जीसीसी या कंपायलरने दिले. त्याने मानकाबाहेर जाऊन शून्य-लांबीच्या ॲरेस परवानगी दिली. त्यामुळे वरील स्ट्रक्चर ४ बाइट्सचे झाले, वजाबाकी संपली आणि शून्य घटकांचा हिशेबही अचूक झाला. परंतु या सोयीत नवीन धोका होता. हा ॲरे स्ट्रक्चरच्या शेवटीच असला पाहिजे असे बंधन नव्हते. पुढे कोणी त्यामागे आणखी एक सदस्य लिहिल्यास दोहोंची जागा एकच होई. शिवाय अशा ॲरेचा आकार विचारला असता उत्तर शून्य येई. प्रत्यक्षात मागे शंभर घटक असले तरी शून्यच. म्हणजे ‘रिकामा’ आणि ‘लांबी अज्ञात’ या दोन भिन्न अर्थांसाठी एकच चिन्ह वापरले गेले.

तिसरे रूप १९९९ च्या सी-९९ मानकाने अधिकृत केलेला लवचीक ॲरे-सदस्य होय. यात चौकटी कंसांत काहीच लिहिले जात नाही. हा सदस्य शेवटीच असावा आणि त्याआधी किमान एक नाव असलेला सदस्य असावा, असे नियम आहेत. त्याचा स्वतंत्र आकार विचारल्यास कंपायलर चूक दाखवितो. तिन्ही रूपांत हे निःसंशय सर्वांत प्रामाणिक होय, कारण जे ज्ञात नाही ते अज्ञात आहे असे ते सांगते. तथापि मानकाची शून्याविषयीची भीती येथेही गेलेली नाही. जागा केवळ आरंभीच्या भागापुरतीच असेल, तर हा ॲरे जणू एका घटकाचा आहे असे समजावे, मात्र त्या घटकाला स्पर्श करू नये, अशी तरतूद मानकात आहे. पुरवणी नसलेल्या उत्तरपत्रिकेला एक पुरवणी आहे असे मानावे, पण ती उघडू नये, असे सांगण्यासारखे हे झाले.

या तिन्ही रूपांत एक बाब समान आहे. पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर लिहिलेली असली, तरी ती संख्या आणि त्या पुरवण्या यांचा परस्परसंबंध भाषेला ठाऊक नाही. तो केवळ प्रोग्रामरच्या मनात असतो.

४. चल-लांबीचा ॲरे : स्वीकार आणि माघार :
सी-९९ मानकाने चल-लांबीचा ॲरे हा आणखी एक प्रकार आणला. यात लांबी प्रोग्राम चालू असताना ठरते आणि सामान्यतः जागा स्टॅकवर घेतली जाते. फॉर्ट्रान भाषेला सरावलेल्या वैज्ञानिक गणनेच्या क्षेत्राची ही जुनी मागणी होती. रिची यांनी १९९० मध्ये या विषयावर स्वतंत्र प्रस्ताव मांडला होता; पॉइंटरने पत्त्यासोबत लांबीही वाहून न्यावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे स्वतःच्या मूळ निर्णयाची दुरुस्ती त्यांनी स्वतःच सुचविली होती. समितीने मात्र निराळा मार्ग स्वीकारला.

या प्रकाराचे गुण नाकारता येत नाहीत. ज्या फंक्शनमध्ये तो घोषित होतो तेथे त्याचा आकार विचारता येतो व योग्य उत्तर मिळते. परंतु तो दुसऱ्या फंक्शनकडे गेला की पुन्हा केवळ पत्ता उरतो. लांबी शून्य किंवा ऋण आल्यास वर्तन अनिर्धारित ठरते. आणि जागा अपुरी पडल्यास ते कळण्याचा मार्गच नसतो. मॅलॉक निदान नल पॉइंटर देऊन नकार कळवितो. स्टॅक संपला तर प्रोग्राम कोसळतो किंवा शेजारची मेमरी बिघडवितो.

परिणामी माघार घ्यावी लागली. २०११ च्या सी-११ मानकाने हा प्रकार ऐच्छिक केला. सी-२३ मानकाने त्याच्याशी संबंधित प्रकार-व्यवस्था पुन्हा अनिवार्य केली, परंतु स्टॅकवरील प्रत्यक्ष चल-लांबीचे ॲरे ऐच्छिकच ठेवले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, जेथे ६४-बिट इंटेल प्रकारच्या संगणकांवर प्रत्येक कार्यासाठी सामान्यतः अवघा १६ किलोबाइट्सचा स्टॅक असतो, हे सर्व ॲरे काढून टाकण्यात आले. डिसेंबर २०१८ मधील ४.२० ही आवृत्ती त्यांपासून मुक्त होती.

५. लांबी, सुरक्षितता आणि विलंबाने आलेली दुरुस्ती :
लांबी आणि घटक यांची फारकत ही केवळ तात्त्विक उणीव नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या मार्गांचा वापर केला, त्यांपैकी एक ५१२ बाइट्सच्या ॲरेतून जात होता. त्यात मजकूर भरणाऱ्या गेट्स या फंक्शनला ॲरेची लांबी सांगण्याची सोयच नव्हती. हे फंक्शन सी-११ मानकातून वगळण्यात आले, म्हणजे या घटनेनंतर २३ वर्षांनी. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या दोषाचे स्वरूप थोडे निराळे होते. ओपनएसएसएल या लायब्ररीने संदेशात लिहिलेली लांबी पडताळून न पाहता खरी मानली आणि त्यामुळे प्रत्येक वेळी ६४ किलोबाइट्सपर्यंतची शेजारची मेमरी बाहेर जाऊ शकत होती. पहिल्या पानावर लिहिलेली पुरवण्यांची संख्या प्रत्यक्ष न मोजता स्वीकारल्याचा हा परिणाम होता.

जुन्या युक्तीचा आणखी एक दूरगामी परिणाम झाला. एका घटकाचा ॲरे म्हणजे प्रत्यक्षात अनेक घटक, अशी प्रथा रूढ झाल्याने कंपायलरांना स्ट्रक्चरच्या शेवटच्या कोणत्याही ॲरेवर विश्वास ठेवता येईना. नेमक्या १४ बाइट्सचा म्हणून घोषित केलेला शेवटचा ॲरेही अमर्याद मानला जाऊ लागला आणि त्यावरील मर्यादा-तपासणी निष्प्रभ ठरली. लिनक्स कर्नलमध्ये जुनी रूपे शोधून त्यांचे लवचीक ॲरे-सदस्यांत रूपांतर करण्याचे काम अनेक वर्षे चालले. त्यानंतर २०२३ मधील ६.५ या आवृत्तीत, कंसांत काहीच न लिहिलेला ॲरेच लवचीक मानावा, असा कठोर पर्याय सर्वत्र लागू करता आला.

याहून महत्त्वाचे पाऊल त्यानंतरचे आहे. क्लँगच्या १८ व्या (२०२४) आणि जीसीसीच्या १५ व्या (२०२५) आवृत्तीत एक नवीन गुणधर्म आला. त्याद्वारे लवचीक ॲरेची लांबी स्ट्रक्चरमधील कोणत्या सदस्यात आहे, हे कंपायलरला सांगता येते. पहिल्या पानावरील संख्या आणि मागील पुरवण्या यांचा संबंध येथे प्रथमच कंपायलरला कळेल अशा रीतीने लिहिला गेला. मात्र हा गुणधर्म कंपायलरांचा आहे. सी-२३ मानकात त्याला स्थान नाही.

६. प्रतिपक्षाचा विचार :
सी भाषेच्या समर्थनार्थ केला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. युनिक्स पीडीपी-११ या ज्या संगणकावर नेण्यात आले त्यावर २४ किलोबाइट्स मेमरी होती. तेथे प्रत्येक ॲरेसोबत लांबी बाळगणे परवडणारे नव्हते. दुसरे असे की, लांबी भाषेच्या प्रकार-व्यवस्थेत बांधून टाकण्याचा प्रयोग पास्कल भाषेने केला होता. मूळ पास्कलमध्ये दहा घटकांचा आणि वीस घटकांचा ॲरे हे भिन्न प्रकार असल्याने दोन्हींसाठी चालेल असे एकच फंक्शन लिहिता येत नसे. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मधील आपल्या टीकालेखात या मर्यादेवर नेमके बोट ठेवले होते. त्या तुलनेत सी भाषेची मोकळीक निश्चितच कार्यक्षम होती.

परंतु या युक्तिवादातून १९७० च्या दशकातील निर्णयाचे समर्थन होते, त्यानंतरच्या अनास्थेचे नव्हे. लांबी प्रकारात गोठविणे आणि लांबी पूर्णपणे सोडून देणे या दोन टोकांमध्ये तिसरा मार्ग होता आणि तो १९९० मध्ये रिची यांनीच दाखविला होता. त्या काळात २४ किलोबाइट्सची अडचण उरलेली नव्हती.

७. अध्यापनाच्या दृष्टीने :
महाराष्ट्रासह भारतातील अनेक महाविद्यालयांत सी भाषेचे प्रात्यक्षिक दीर्घकाळ टर्बो सी या कंपायलरवर होत आले. हा कंपायलर सी-९९ पूर्वीचा असल्याने लवचीक ॲरे-सदस्य व चल-लांबीचा ॲरे या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर होत्या. त्यामुळे ॲरे म्हणजे स्थिर लांबीचा आणि गतिमान मेमरी म्हणजे मॅलॉक, अशी दुभागणी विद्यार्थ्यांच्या मनात पक्की होणे स्वाभाविक होते. नवे कंपायलर उपलब्ध झाल्याने ही उणीव आपोआप भरून निघणार नाही. मर्यादेबाहेरचा घटक वाचला तरी प्रोग्राम अनेकदा बरोबर वाटणारे उत्तर देतो आणि विद्यार्थ्यास प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळतात. दोष मात्र तेथेच राहतो. ॲरे शिकविताना प्रत्येक उदाहरणात घटकसंख्या शून्य असता काय होईल, हा प्रश्न विचारला गेल्यास पत्ता आणि लांबी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यास लवकर उमगेल.

निष्कर्ष :
१. सी भाषेतील ॲरेची लांबी पत्त्यापासून विलग होणे हा तत्कालीन साधनमर्यादांतून आलेला, समर्थनीय परंतु महागडा निर्णय होता.
२. शून्य आकाराच्या वस्तूस मानकाने दिलेला नकार चक्राकार युक्तिवादावर आधारलेला असून त्यामुळे ‘नसणे’ आणि ‘रिकामे असणे’ यांतील भेद पुसट झाला.
३. एका घटकाची युक्ती, शून्य-लांबीचा ॲरे आणि लवचीक ॲरे-सदस्य यांपैकी शेवटचे रूप सर्वांत ग्राह्य आहे. मात्र तेही लांबीची जबाबदारी घेत नाही.
४. चल-लांबीच्या ॲरेने लांबी गतिमान केली, परंतु जागा नाकारण्याची सोय ठेवली नाही. म्हणूनच त्याचा स्वीकार टिकला नाही.
५. लांबी आणि घटक यांना जोडणारा गुणधर्म कंपायलरांनी दिला असला, तरी तो मानकाचा भाग झाल्याविना मूळ प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

पुरवण्यांची संख्या चुकीची असेल तर उत्तरपत्रिका स्वीकारताना पर्यवेक्षक ती परत करतो. सी भाषेत हे काम अद्याप बहुतांशी परीक्षार्थीवरच सोपविलेले आहे. ते भाषेने स्वतःकडे घेणे, हीच या विषयातील खरी सुधारणा ठरेल.